तीन भाग उपचार, सात भाग शुश्रूषा
(जठराच्या कर्करोगातील चिनी परिचर्येविषयी सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चीन देशात रुग्णसेवेसंबंधी एक म्हण प्रचलित आहे. तिचा भावार्थ असा की, रोग्याला बरे करण्यात तीन भाग उपचाराचे आणि सात भाग शुश्रूषेचे असतात. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर हे प्रमाण कोणी मोजून ठरविलेले नाही. परंतु ज्या घरात दीर्घ आजाराचा रुग्ण आहे, त्या घरातील मंडळींना या म्हणीतील सत्य पटवून सांगावे लागत नाही. डॉक्टर दिवसातून पाच-दहा मिनिटे रुग्णाजवळ असतात. उरलेले सारे तास परिचारिकेचे, पत्नीचे, सुनेचे, मुलाचे असतात. या तासांत काय करावे, काय टाळावे, याचे शास्त्र चीनने मोठ्या चिकाटीने घडविले. जठराच्या कर्करोगाच्या संदर्भात त्या शास्त्राचा परिचय करून घेणे आणि त्यातील ग्राह्य काय, अग्राह्य काय, याचा विवेक करणे, हा आजच्या विषयाचा हेतू आहे.

रोगाचे स्वरूप

जठराचा कर्करोग हा जगातील प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या चीनमधील होते. भारतात एकंदर प्रमाण त्या मानाने कमी असले, तरी मिझोरामसारख्या राज्यात ते फार मोठे आहे.

या रोगाचे एक महत्त्वाचे कारण ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांमुळे उजेडात आले. जठराच्या आम्लात कोणताही जंतू तग धरू शकत नाही, अशी समजूत असताना १९८२ साली त्यांनी तेथे वस्ती करून राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू शोधून काढला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतःच प्राशन केला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूच्या जोडीला अतिखारवलेले व धुरावलेले पदार्थ, तंबाखू आणि आनुवंशिकता हीही कारणे आहेत. जंतू असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतो असे मुळीच नाही. बहुसंख्यांना होत नाही.

या रोगाचे कपट असे की, तो आरंभी साध्या अपचनाचे सोंग घेऊन येतो. थोडे खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, सतत जळजळ, अन्नावरील वासना उडणे, अकारण वजन घटणे, रक्त कमी होणे, शौचास काळे होणे. आपल्याकडे या तक्रारींवर आम्लपित्ताच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या जातात, आणि तपासणी होते तेव्हा मौल्यवान काळ निघून गेलेला असतो.

प्राचीन चिनी वैद्यांची दृष्टी

इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळात होऊन गेलेले वैद्य चांग चुंगचिंग यांनी एका व्याधीचे वर्णन करून ठेवले आहे. सकाळी खाल्लेले अन्न संध्याकाळी आणि संध्याकाळी खाल्लेले सकाळी, न पचता उलटून पडते, असे तिचे लक्षण. जठराचे खालचे मुख अवरुद्ध झालेल्या रुग्णाचे हे वर्णन आजचा डॉक्टरही ओळखील. त्या अवरोधास कर्करोग हे एक कारण असू शकते, एवढेच आज म्हणता येते. त्या काळी पोटाच्या आत डोकावण्याचे साधन नव्हते.

त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी ली काव (११८०-१२५१) नावाचे वैद्य झाले. १२३२ साली मंगोल सैन्याने खायफंग नगरीला वेढा घातला, तेव्हा ते तेथे होते. वेढा उठल्यावर नगरात माणसे मोठ्या संख्येने मरू लागली. इतर वैद्यांनी बाहेरून आलेला ज्वर समजून त्यांना घाम आणणारी व रेचक औषधे दिली, आणि रुग्ण अधिकच खचले. ली काव यांनी निराळे निदान केले. कित्येक दिवसांची उपासमार, भीती, श्रम यांनी या लोकांची पचनशक्ती क्षीण झाली होती. वेढा उठताच त्यांनी पोटभर अन्न घेतले, ते जठराला पेलवले नाही. आणि त्यावर रेचकांचा मारा झाला. या अनुभवातून त्यांनी प्लीहा आणि जठर यांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. चिनी वैद्यकातील 'प्लीहा' म्हणजे केवळ तो अवयव नव्हे. अन्नातून शक्ती निर्माण करणारी संपूर्ण यंत्रणा, असा तिचा अर्थ आहे. आपल्या आयुर्वेदातील जठराग्नीची कल्पना जाणणाऱ्याला हा विचार परका वाटू नये.

कर्करोगाच्या शुश्रूषेतील चिनी सूत्र याच परंपरेतून आले आहे. शरीराच्या स्वाभाविक बलाला आधार द्यावा आणि अपायकारक तत्त्व दूर सारावे, असे ते द्विविध सूत्र. आज शांघायचे लुंगह्वा किंवा बीजिंगचे क्वांगआनमन यांसारख्या पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांत कर्करोगाचे स्वतंत्र विभाग आहेत. तेथे शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांनी रोगावर आघात करावयाचा आणि पारंपरिक पद्धतीने रुग्णाचे बल राखावयाचे, अशी ढोबळ कार्यविभागणी दिसते.

सुईचा अनुभव आणि त्याची परीक्षा

१९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सचे ज्येष्ठ पत्रकार जेम्स रेस्टन चीनला गेले असता त्यांना अपेंडिक्सचा विकार जडला. बीजिंगच्या रुग्णालयात नेहमीच्याच भूल देण्याच्या पद्धतीने त्यांची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री पोटात वायू दाटून ते अस्वस्थ झाले. तेव्हा तेथील वैद्याने त्यांच्या उजव्या कोपरात आणि दोन्ही गुडघ्यांच्या खाली बारीक सुया टोचल्या आणि दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीच्या वाळक्या पानांची पेटती कांडी पोटाजवळ धरून शेक दिला. तासाभराच्या आत पोट हलके झाले, असे रेस्टन यांनी आपल्या वृत्तपत्रात लिहिले आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले.

अॅक्युपंक्चर भारतात आणण्यात मात्र चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील एका डॉक्टरचा हात आहे. १९३८ साली गेलेल्या या पाच डॉक्टरांच्या पथकातील सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत. युद्धभूमीवर रुग्णसेवा करीत १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. त्यांची पत्नी क्वो चिंगलान या परिचारिका होत्या. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये अॅक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि ती विद्या भारतात रुजविली.

एका रुग्णाच्या अनुभवावरून शास्त्र सिद्ध होत नाही. म्हणून पुढे चाचण्या झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ साली भरविलेल्या तज्ज्ञ परिषदेने शस्त्रक्रियेनंतरची आणि केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व उलटी यांवर अॅक्युपंक्चर उपयुक्त असल्याचा निर्वाळा दिला. यासाठी वापरला जाणारा मुख्य बिंदू मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांच्या अंतरावर, दोन शिरांच्या मध्ये आहे. सुई न टोचता नुसत्या अंगठ्याच्या दाबानेही काहींना आराम वाटतो. ही एक गोष्ट घरातील कोणालाही शिकता येण्याजोगी आहे. सुई आणि शेक यांचे मात्र तसे नाही. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा सुईने जंतुसंसर्ग वा रक्तस्राव होऊ शकतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या अनुमतीवाचून ते करू नये.

मळमळीखेरीज इतर तक्रारींबाबत पुरावा कमी बळकट आहे. चीनमधील पुष्कळ चाचण्या लहान आणि सदोष होत्या. चिनी वनौषधींनी जठराचा कर्करोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

परिचारिकेची दिनचर्या

चिनी पद्धतीच्या परिचारिकेचे पहिले काम निरीक्षण. रुग्णाची जीभ कशी आहे, तिच्यावर थर आहे की ती कोरडी लाल आहे, हातपाय गार आहेत की उष्ण, झोप, तहान, शौच कसे आहे, याची ती नोंद घेते. एकाच रोगाच्या दोन रुग्णांची शुश्रूषा एकसारखी नसते. ज्याला थंडी वाजते, पातळ शौचास होते, त्याला ऊबदार अन्न आणि आले. ज्याचे तोंड कोरडे, जीभ लाल, त्याला नासपतीसारखे ओलावा देणारे पदार्थ. ही विभागणी सर्वस्वी आधुनिक शास्त्राला धरून नाही. परंतु रुग्णाकडे रोज बारकाईने पाहण्याची जी सवय ती लावते, तिचे मोल निःसंशय आहे. आपल्या घरीही एक साधी वही ठेवावी. रोजचे वजन, किती वेळा खाल्ले, उलटी, ताप, शौच यांची नोंद करावी. व्यापारात रोजकीर्द नसेल तर ताळेबंद जुळत नाही, येथेही तेच.

दुसरे काम आहाराचे. तांदळाची किंवा राळ्याची मऊ पेज हा चिनी रुग्णाहाराचा पाया आहे. तीत कमळाचे बी, लाल बोरे घालतात. पचनासाठी संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळविलेली साल वापरतात. गरम पाण्याने भरलेला थर्मास चिनी रुग्णालयात सहसा खाटेजवळ असतोच, कारण थंड पाणी पिणे तेथे निषिद्धप्राय मानले जाते. उकळलेले पाणी पिण्याची परंपरा ज्या समाजात आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचे औषध जठराच्या कर्करोगात पुष्कळदा दिले जाते. ते घेतल्यावर काही दिवस थंड पेय वा थंड वस्तूचा स्पर्श सुयांसारखा टोचतो. अशा वेळी ही जुनी सवय रुग्णाला खरोखरच सुख देते.

याच औषधाने हातापायांना बधिरता येते. त्यासाठी तेथील परिचारिका संध्याकाळी कोमट औषधी पाण्यात रुग्णाचे पाय बुडवून ठेवतात. रुग्णाला बरे वाटते, झोप लागते. पण बधिर पायांना चटका कळत नाही. म्हणून पाणी दुसऱ्याने आधी आपल्या कोपराने पाहावे, हा नियम कधीही मोडू नये.

कानाच्या पाळीवरील ठरावीक बिंदूंवर मोहरीएवढे बी चिकटपट्टीने लावून दिवसातून काही वेळा दाबणे, हाही तेथील परिचर्येचा नित्याचा भाग आहे. त्याच्या परिणामाविषयी दुमत असेल. परंतु जो रुग्ण असहायपणे पडून आहे, त्याच्या हाती स्वतःसाठी करण्याजोगे काही तरी येते, हा लाभ लहान नाही. हळूहळू उठणे, चालणे आणि 'पातुआनचिन' नावाचे आठ संथ व्यायाम यांनाही असेच स्थान आहे.

तिसरे काम मनाचे. अतिचिंतेने प्लीहा दुखावते, असे चिनी वैद्यक मानते. चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचाच फरक, हे आपले वाडवडीलही सांगत आले. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. चीनमध्ये आणि आपल्याकडेही रोगाचे नाव रुग्णापासून लपविण्याची रीत आहे. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु घरात कुजबुज चालते, पाहुणे डोळे पुसून खोलीत येतात, आणि रुग्णाला सारे कळूनही तो एकटा पडतो. त्याचे मृत्युपत्र, क्षमापना, मुलांशी बोलावयाच्या गोष्टी राहून जातात. किती सांगावे, कोणी सांगावे, हे त्या व्यक्तीच्या स्वभावावरून ठरवावे. पण तिने थेट विचारले असता असत्य सांगू नये.

जठर काढल्यानंतर

व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. आज गरजेनुसार जठराचा भाग किंवा संपूर्ण जठरही काढले जाते आणि रुग्ण त्यानंतर वर्षानुवर्षे जगतो. मात्र अन्न साठविणारी कोठीच नाहीशी झाल्यामुळे खाण्याची रीत बदलावी लागते. दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे थोडे खावे. सावकाश चावावे. पाणी जेवणाबरोबर न पिता मधल्या वेळी प्यावे. साखर आणि मिठाई एकदम खाल्ल्यास घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. कौतुकाने आणलेला पेढा अशा वेळी शत्रू ठरतो.

शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बी-१२ हे जीवनसत्त्व शरीरात शोषले जाण्यासाठी जठरातून स्रवणारा एक घटक लागतो. शाकाहारात हे जीवनसत्त्व मुळातच कमी. त्यात संपूर्ण जठर काढले तर ते अन्नातून जवळजवळ मिळेनासे होते. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ आयुष्यभर द्यावे लागते, बहुधा इंजेक्शनाने. लोह आणि कॅल्शियम यांकडेही लक्ष ठेवावे.

पर्युषण जवळ आले की अशा रुग्णाच्या मनाची घालमेल होते. आयुष्यभर उपवास, एकासना, चौविहार केलेल्या माणसाला सूर्यास्तानंतर घोटभर पेज घेणेही अपराधासारखे वाटते. घरच्यांनी येथे त्याला अपराधी ठरवू नये. ली काव यांनी खायफंगमध्ये जे पाहिले ते हेच, की क्षीण झालेल्या जठराला उपासमारही सोसवत नाही आणि एकदम भरलेले ताटही सोसवत नाही. डॉक्टरांचे म्हणणे गुरुभगवंतांच्या कानावर घालून, त्यांचे मार्गदर्शन घेऊन रुग्णाचे मन निःशंक करावे.

विवेकाची सीमारेषा

'ऑपरेशन नको, काढ्याने गाठ विरघळते' असे सांगणारा कोणी तरी प्रत्येक रुग्णाच्या घरी येतोच. २०१८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तन, फुफ्फुस, मोठे आतडे आणि प्रोस्टेट यांच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मान्य उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूची जोखीम अडीच पट आढळली. जठराचा कर्करोग त्यात नव्हता. परंतु बोध घेण्यास तेवढे पुरे आहे.

वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रम आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेणाऱ्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. एका वनस्पतीऐवजी अॅरिस्टोलोकिया कुळातील दुसरी विषारी वनस्पती त्या गोळ्यांत गेली होती. तिच्यातील आम्ल कर्करोगकारकही ठरले. याउलट हार्बिन येथील वैद्य चांग थिंगतुंग यांनी १९७० च्या दशकात पारंपरिक औषधातील सोमलाचा रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर उपयोग दाखविला, पुढे त्याची कठोर परीक्षा झाली आणि आज ते जगभर मान्य औषध आहे. परंपरेतून आलेले औषधही परीक्षेला उतरले की सर्वांचे होते. परीक्षेवाचून ते केवळ दावा राहते.

अहिंसाव्रती कुटुंबांनी आणखी एक चौकशी अवश्य करावी. चिनी औषधांत गाढवाच्या कातड्याचा सरस, बेडकाच्या जातीच्या प्राण्याच्या त्वचेचा अर्क, विंचू यांसारखे प्राणिज घटक असतात आणि गोळ्या पुष्कळदा मधात वळलेल्या असतात. वेष्टनावर चिनी लिपी असते म्हणून न विचारता घेऊ नये.

रोग टाळण्याचा मार्ग

चीनच्या शांतुंग प्रांतातील लिनछू परगण्यात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे. तेथे १९९५ साली ३,३६५ ग्रामस्थांवर एक प्रयोग सुरू झाला. ज्यांना हेलिकोबॅक्टरची लागण होती, त्यांतील काहींना केवळ दोन आठवडे जंतुनाशक उपचार दिले. काहींना सुमारे सात वर्षे जीवनसत्त्वे आणि काहींना लसणाचा अर्क दिला. तब्बल २२ वर्षे पाठपुरावा करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुनाशक उपचार आणि जीवनसत्त्वे यांनी रोगाचे प्रमाण घटले. या रोगाने होणारे मृत्यू तिन्ही उपायांनी घटले. लसूण न खाणाऱ्यांनी यात खिन्न होण्याचे कारण नाही. दोन आठवड्यांच्या उपचाराचा परिणाम दोन दशके टिकला, हा त्यातील सर्वांना उपयोगी असा बोध आहे.

हा जंतू बहुधा बालपणी, घरातल्या घरात पसरतो. म्हणून चीनमध्ये आता सबंध कुटुंबाची तपासणी करण्याचा आणि सामाईक ताटातून वाढून घेण्यासाठी निराळ्या काड्या-चमचे वापरण्याचा आग्रह धरला जातो. ज्यांच्या घरात हा कर्करोग झाला आहे, त्यांच्या सख्ख्या नातलगांनी डॉक्टरांना विचारून श्वासाची किंवा शौचाची साधी तपासणी करून घ्यावी. चाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेले आणि काही आठवड्यांत न हटणारे अपचन असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

बंधु-भगिनींनो, आपल्या परंपरेत वैयावृत्त्य, म्हणजे रुग्ण व वृद्धांची सेवा, हे आभ्यंतर तपांपैकी एक गणले आहे. उपवासाची तपश्चर्या सर्वांना दिसते, तिची मिरवणूक निघते. रात्री तीन वाजता उठून रुग्णाचे तोंड पुसणाऱ्या सुनेची तपश्चर्या कोणी पाहत नाही. तिला विश्रांती मिळावी म्हणून आठवड्यातून एक रात्र शेजारच्या घरातील कोणी त्या खाटेजवळ बसले, तर त्या सात भागांतील एक भाग समाजाने उचलला असे होईल. तीन भाग उपचार डॉक्टरांच्या हाती आहेत. उरलेले सात भाग आपल्या हाती आहेत, आणि त्यांना पदवी लागत नाही.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. जय जिनेंद्र.